पेटीतली दुसरी काच

१

जरा एक खोली डोळ्यांसमोर आणा पाहू. खिडकी नसलेली, पांढऱ्याफेक दिव्यांची. मधोमध पोलादी टेबल. टेबलावर एक मोठी काळी, टणक पेटी, तिला चार खिट्ट्या. पेटीच्या मुठीला कागदाची लांब पट्टी चिकटवलेली आणि त्या पट्टीवर उभ्या काळ्या रेघा. आता टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून एक मुलगी उभी आहे, तिच्या जागी तुम्ही उभे राहा. तिला घरात भिंगरी म्हणतात.

ही खोली एका विमानतळाच्या पोटात होती. हातमोजे घातलेला तपासनीस म्हणाला, "एक्स-रेमध्ये काहीतरी गोल आणि जाड दिसतंय. नीट कळत नाही. अशी बॅग मालकासमोरच उघडायची, असा नियम आहे."

"उघडा की," भिंगरीचा मामा म्हणाला. "दुर्बिणीचा आरसा आहे. फक्त हात लावू नका. आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंका. आमच्या बाबांनी ह्या आरशापायी मला माझ्याच घरात शिंकू दिलेलं नाही."

तपासनिसाला हसू आलं. खट्, खट्, खट्, खट्. चारही खिट्ट्या उघडल्या. आत स्पंजात कोरलेला गोल खड्डा होता आणि खड्ड्यात पांढऱ्या मऊ कपड्यात गुंडाळलेली, जेवणाच्या ताटाएवढी जाड चकती. भिंगरीची आई पुढं झाली. तिनं कपड्याचं एक टोक उचललं, मग दुसरं. कपड्याच्या आत पातळ कागद होता, तोही बाजूला केला.

खोलीतल्या दिव्यांचा लखलखाट आता आरशात दिसायला हवा होता.

काहीच लखलखलं नाही. आतली काच दुधी होती, निस्तेज, मध्यभागी फुगलेली.

"हा आरसा नाही," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की भिंगरीला तो ओळखू आला नाही. "ही खालची काच आहे. आरसा कुठाय?"

मामानं पेटीत हात घातला, स्पंज उचकटला, तळ चाचपला. आरसा नव्हता.

भिंतीशी खुर्चीवर आजोबा बसले होते. दोन्ही हात मांडीवर.

२

खालची काच म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ, कारण सगळं कोडं तिच्यातच आहे.

दुर्बिणीचा आरसा हातानं करायचा तर काचेच्या दोन सारख्या चकत्या घेतात. एक पिंपावर घट्ट बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची. मध्ये पाणी आणि करकरीत पूड. मग वरची काच पुढं-मागं सरकवायची आणि सरकवता सरकवता पिंपाभोवती फिरत राहायचं. पुढं-मागं, आणि एक पाऊल. पुढं-मागं, आणि एक पाऊल. कोणी कोरत नाही, कोणी साचा लावत नाही. तरी वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची तितकीच फुगते. खोलगट होते तिला पुढं घासून, चमकवून, वर चांदीसारखा मुलामा चढवून आरसा होतो. खालचीचं काम तिथं संपतं. ती फळीवर धूळ खात पडते.

भिंगरीचे आजोबा एके काळी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा आरसा घासायला घेतला, तेव्हा भिंगरी नुकती चालायला लागली होती. आजोबा पिंपाभोवती फिरत आणि ती त्यांच्या धोतराचा सोगा नाही, चांगल्या इस्त्रीच्या पँटचा मागचा खिसा धरून मागं मागं फिरे. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं.

आरसा निघाला होता दुसऱ्या एका गावी, टेकडीवरच्या शाळेत. तिथल्या मुलांनी वेधशाळेची गोल खोली बांधून तयार ठेवली होती. दुर्बिणीची नळी उभी होती. फक्त तिच्या तळाशी बसायचा आरसा यायचा होता. उद्या सूर्य मावळला की खोलीचं छप्पर सरकणार आणि पहिल्यांदा आत डोळा लावणार आजोबा. हे आधीपासूनच ठरलं होतं, कारण आजोबांची नजर दिवसेंदिवस विझत चालली होती. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना जे काही बघायचं असेल, ते लवकर दाखवा."

म्हणून तर सगळी धावपळ. मामानं आदल्या संध्याकाळीच फोनवरून चेक-इन उरकलं होतं. "रांगबिंग काही नाही," तो सगळ्यांना तीन-तीनदा सांगत होता. "जागा घेतल्या, पास फोनवर आले. आपण फक्त जायचं, पेटी पट्ट्यावर टाकायची आणि ऐटीत चहा प्यायचा."

झालंही तसंच. सकाळी विमानतळावर एका यंत्रानं पेटीची पट्टी छापून दिली. मामानं ती मुठीतून ओवून चिकटवली. आजोबांचा शिष्य पेटी उचलू लागायला आत आला होता. त्याचा चष्मा एवढा जाड की भिंगरी त्याला चष्मेदादा म्हणायची. दोघांनी पेटी पट्ट्यावर ठेवायला उचलली आणि मामाच्या घामेजल्या हातातून मूठ सुटली. धाड! पेटी पट्ट्यावर आदळली.

"अरे!" आई किंचाळली. चष्मेदादानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मामाचा चेहरा पांढरा पडला.

"असू दे रे, काही होत नाही," आजोबा म्हणाले.

वजनाचे लाल आकडे लागले. घरी काट्यावर भरलं होतं तेवढंच भरलं. पट्टा हलला आणि काळ्या रबरी झालरींमधून पेटी आत गडप झाली. चष्मेदादा गाडी घरी न्यायला निघून गेला. आणि हे लोक चहाचा पहिला घोट घेतात न घेतात, तोच तपासणीच्या खोलीतून बोलावणं आलं.

३

दार उघडून एक बाई आल्या. ठेंगण्या, पायांत जाड तळाचे बूट, केस घट्ट बांधलेले. सामानविभाग त्यांच्या हाताखाली होता आणि तिथली सगळी माणसं त्यांना घारमावशी म्हणत. तोंडावरसुद्धा.

"चोरी झालीय," मामा म्हणाला. "तुमच्या पट्ट्यावर."

"असेल," घारमावशी शांतपणे म्हणाल्या. "आधी चोरी कुठं झाली नाही ते बघू. म्हणजे जागा कमी उरते. तुम्ही चला माझ्याबरोबर. आणि ही पोरगी मघापासून एकटीच नीट बघतेय, तिलाही घ्या."

त्या दोघांना घेऊन त्या एका लोखंडी जिन्यानं चढल्या. वर अरुंद सज्जा होता. भिंगरीनं कठड्याच्या गजांमधून खाली पाहिलं.

खाली एक अख्खं गाव होतं, आणि त्या गावात माणूस नव्हता. नुसते पट्टे. वर चढणारे, खाली उतरणारे, एकमेकांच्या डोक्यावरून वळणं घेत जाणारे. त्यांच्यावरून बॅगा चालल्या होत्या: लाल, निळ्या, फुलाफुलांच्या, दोरीनं बांधलेल्या, एक सतार असावी अशी लांबडी, एक बाळाची ढकलगाडी. फाट्यापाशी प्रत्येक बॅग एका लोखंडी कमानीखालून जाई, कमानीतून लाल प्रकाशाच्या रेघा तिच्यावर फिरत, आणि पुढच्याच क्षणी एक रुंद हात बाजूनं यायचा आणि बॅगेला हळूच आपल्या वाटेवर लोटायचा. ढकलगाडी डावीकडे. सतार उजवीकडे. कोणी कोणाला आडवं येत नव्हतं, कोणी थांबत नव्हतं. सगळीकडून एकच घरघर येत होती, मोठं मांजर झोपेत करतं तशी.

"त्यांना कसं कळतं?" भिंगरीनं विचारलं.

"मुठीवरची पट्टी. त्या कमानी म्हणजे डोळे. रेघा वाचतात आणि पुढच्या हाताला सांगतात, ही अमक्या विमानाची. मी इथं नोकरीला लागले तेव्हा रोज जेवणाच्या सुट्टीत नुसती इथं येऊन उभी राहायची."

"आणि आता?"

"आताही राहते. कोणाला सांगू नकोस."

खाली एका लहान कचेरीत पडद्यावर त्यांनी काळ्या पेटीचा प्रवास दाखवला. झालर. पहिली कमान. चढण. एक्स-रेचं यंत्र. तिथून आडवाटेनं थेट तपासणीचं टेबल. प्रत्येक वळणावर कॅमेरा होता आणि कुठंही पेटीला माणसाचा हात लागला नव्हता.

"म्हणजे इथं नाही," घारमावशी म्हणाल्या. "पेटी पट्ट्यावर पडली तेव्हाच तिच्यात आरसा नव्हता. आता सांगा, ही दुसरी काच असते, ती कुठं ठेवलेली असते, हे कोणाकोणाला माहीत?"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मनातल्या मनात मोजलं असावं, कारण ते मोजायला बोटंसुद्धा फार लागत नव्हती.

"आम्हालाच," तो म्हणाला. "घरच्यांना. आणि त्या चष्मेवाल्याला."

४

विमानाला अवकाश होता, पण सामान घेणं त्याच्या कितीतरी आधी बंद होतं. घारमावशींनी घड्याळाकडे एकदा बघितलं आणि तपासणीच्या खोलीत येऊन प्रश्नांना सुरुवात केली. पेटीत आरसा ठेवलेला सगळ्यांनी आदल्या रात्री जेवणाआधी पाहिला होता. पेटी मग कारखान्यात राहिली. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. तिला कुलूप कधीच नसतं.

"मी थट्टा करतो, मान्य आहे," मामा म्हणाला. "एकदा बाबांच्या पिंपावर कलिंगड ठेवलं होतं. पण आरशाची थट्टा? मावशी, मी थट्टेखोर आहे, बेअक्कल नाही."

"त्यावर दुमत आहे," आई म्हणाली.

"ताई, तू तर बोलूच नकोस. बाबांना टेकडी चढवणार नाही, त्यांना दगदग नको, असं महिनाभर कोण म्हणत होतं? पहाटे कारखान्यात कोण गेलं होतं?"

"चहाला बोलवायला गेले होते मी! ते पेटीपाशीच बसले होते. आणि दगदग नको म्हणाले म्हणून मी त्यांचा आरसा लपवीन? मी? त्यांनी एकदा डोळा लावावा म्हणून मी देवाला—"

तेवढ्यात चष्मेदादा धापा टाकत आला. फोन मिळताच गाडी अर्ध्या वाटेवरून वळवून आणली होती. टेबलावरची दुधी काच पाहून तो जागच्या जागी थांबला.

"ये, ये," मामा म्हणाला. "तुझाही आरसा तयार आहे ना रे? ह्याच मापाचा?"

"आहे."

"हा पोचला नाही तर टेकडीवर कोणाचा बसणार?"

चष्मेदादाचे कान लाल झाले. "माझा. सरांनीच गेल्या आठवड्यात सांगितलं, तुझा आरसा पुसून तयार ठेव, वेळ सांगून येत नाही. मी म्हटलं, सर, असं काय बोलता? तर म्हणाले, ठेव म्हणतो ना."

"वा! आणि हे आम्हाला आत्ता कळतंय."

"मी चोर नाही," चष्मेदादा म्हणाला. त्यानं चष्मा काढला, तो पुसायचं विसरला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. "मी शाळेत असल्यापासून तुमच्या घरी येतोय."

"म्हणूनच तुला फळी माहीत आहे. मावशी, पोलिसांना बोलवा."

"बोलवीन," घारमावशी म्हणाल्या. "बोलवायचे झालेच तर."

भिंगरीनं आजोबांकडे पाहिलं. इतका गोंधळ चालला होता, आणि आजोबा जमिनीकडे बघत होते.

५

घारमावशी भिंगरीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या.

"मोठ्या माणसांना मी विचारते, तुम्ही काय केलंत? ती सांगतात. त्यात खरं किती, खोटं किती, कोण जाणे. तुला वेगळं विचारते. त्या पेटीत काय आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं?"

"आरसा."

"सगळ्यांना?"

"ज्यानं काढला त्याला सोडून."

"शहाणी आहेस. मग ज्याला ठाऊक होतं की आरसा आत नाही, त्याचं वागणं कुठंतरी वेगळं झालं असणार. माणूस बोलताना सावध असतो. अचानक काही घडलं की सावध राहायला वेळ मिळत नाही. सकाळपासून अचानक काय घडलं? चित्र सांगितल्यासारखं सांग."

भिंगरीनं डोळे मिटले. "यंत्रातून पट्टी आली. मामानं चिकटवली. मग मामा आणि चष्मेदादांनी पेटी उचलली. मामाच्या हातातून सुटली. केवढ्यांदा वाजली! आई ओरडली. चष्मेदादांनी डोकं धरलं. मामा तर पांढरा झाला, मला वाटलं आता रडतो. आणि आजोबा म्हणाले..."

ती थांबली.

आजोबा म्हणाले होते, असू दे रे, काही होत नाही.

ते आजोबा, ज्यांनी आरसा पिंपावर असताना खोलीत कोणाला पंखा लावू दिला नाही. मुलामा चढवून आणताना जे गाडीवाल्याला प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी हळू काढायला सांगत होते. त्यांच्या समोर पेटी आदळली आणि त्यांच्या हाताला साधा झटका बसला नव्हता. भिंगरीला पक्कं ठाऊक होतं, कारण तो हात तिच्याच हातात होता.

आणि दुसरं म्हणजे तो पातळ कागद. चोरानं काच बदलली असती तर कशीही कोंबली असती. फुकटच्या काचेवर ओरखडा पडला तर कोणाला काय? पण खालच्या काचेच्या तोंडावरसुद्धा मऊ कागद घालून, वरून कपड्याच्या घड्या बसवणारा माणूस जगात एकच होता.

तिनं डोळे उघडले. घारमावशी तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या आपल्या बुटाची नाडी बांधत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?" भिंगरीनं विचारलं.

"मला? मला काय कळायचंय. मी तिथं नव्हते." त्यांनी नाडीची गाठ ओढली. "पण एक सांगते. कोडं सुटलं की ते ओरडून सांगायचं, असा कुठंही नियम नाही. आधी त्या माणसाशी जाऊन बोलायचं, हेही चालतं."

६

घारमावशींनी बाकीच्यांना कागदावर सह्या हव्यात म्हणून पलीकडच्या खोलीत नेलं. भिंगरी आजोबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"आजोबा, गाडीत तुमच्या पायाशी घोंगडी होती ना? मी दप्तर ठेवायला लागले तर तुम्ही म्हणालात, तिथं नको, बाळा."

आजोबांनी मान डोलावली.

"घरी ठेवला असता," ते म्हणाले, "पण मागं एकटा राहिला तर कोणी हात लावेल, फुटेल, अशी भीती वाटली. आणि पेटीत ठेवला तर दिसेल, अशी भीती वाटली. म्हणून घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवला; ती चालवणारा पोरगा सगळं जपून नेतो."

"काय दिसेल?"

"मला न दिसलेलं." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "शेवटचं घासणं असतं ना, भिंगरी, ते केसाच्या हजाराव्या भागाचं असतं. हाताला कळत नाही. ते कळतं फक्त उजेड आणि सावलीनं. एक चाचणी असते. गेल्या हिवाळ्यात मी ती करायला बसलो आणि मला सावली दिसेना. नुसतं धुकं. मी अंदाजानं घासत राहिलो. मुलामा चढवून आणला. सगळे वा वा म्हणाले. आरसा चकाकतो, पण तो खरा आहे की खोटा, हे मला ठाऊक नाही. टेकडीवरची ती पोरं रांगेत उभी राहणार, डोळा लावणार, आणि चंद्राच्या जागी पिठाचा गोळा दिसणार. तिथं म्हणायचं, अरेच्चा, चुकून दुसरीच काच आली, आता माझ्या शिष्याचा आरसा मागवून बसवा. झालं असतं."

"आणि चष्मेदादांना पोलिसांनी नेलं असतं."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," आजोबा म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली. "ही पेटी इथं उघडतील, असंच मुळी वाटलं नव्हतं."

"चाचणी चष्मेदादांना करायला का नाही सांगितली?"

"मी त्याला शिकवलं. त्याला कसं सांगू, की आता तूच बघ?"

भिंगरी उठली आणि तिनं आजोबांचा हात धरून ओढला, पिंपाभोवती दमून ते बसायचे तेव्हा ओढायची तसा. आजोबा उठले. पलीकडच्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न चोरता. मामाच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

चष्मेदादानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला माहीत होतं सर, तुम्हाला सावल्या दिसत नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"घोंगडी आण जा," आजोबा म्हणाले. "जपून. आणि पोरा... मला माफ कर."

७

तपासणीच्या खोलीचा दिवा बंद केला तेव्हा पट्टा थांबायला फार वेळ उरला नव्हता. घारमावशी दारात पहारा देत होत्या. हातमोजेवाल्या तपासनिसालाही जावंसं वाटेना, तो कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा राहिला.

खोलीच्या एका टोकाला फळीवर आरसा उभा होता. दुसऱ्या टोकाला टेबलावर घारमावशींची विजेरी. तिच्या तोंडावर चॉकलेटचा चंदेरी कागद, त्या कागदाला टाचणीनं पाडलेलं एकच भोक. त्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड आरशाकडे जात होता आणि तिथून परत येऊन विजेरीच्या शेजारीच उतरत होता.

"मी बघू, सर?" चष्मेदादानं विचारलं.

"तू नको. तू माझं मन राखशील. ही राखणार नाही." आजोबांनी भिंगरीला स्टुलावर बसवलं. "उजेड जिथं परत येतो तिथं डोळा ने. हळूहळू. डावीकडे."

अंधार. अंधार. आणि अचानक भिंगरीच्या डोळ्यासमोर अख्खा आरसा पेटला. एका सुईच्या भोकातला उजेड, पण काठापासून काठापर्यंत भरलेला, पौर्णिमेच्या चंद्रासारखा, हात लावता येईल इतका जवळ. ती "आई गं" म्हणाली.

"आता ही पट्टी." आजोबांनी तिच्या हातात पोलादी पट्टी दिली. "डोळ्याच्या अगदी समोरून, मुंगीच्या चालीनं आत आण. उजेड कापला जाईल. मग आरशाचा खरा चेहरा दिसेल. जिथं काच केसाच्या हजाराव्या भागानं उंच असेल, तिथं तुला डोंगर दिसेल. जिथं खोल असेल तिथं दरी. काही लपत नाही."

भिंगरीनं पट्टी सरकवली.

चंद्रावर सावली चढली. सपाट चकाकती काच एकाएकी उठावाची झाली. वाळूच्या टेकडीवर पहाटे तिरपं ऊन पडावं तशी राखाडी छटा मधून काठाकडे उतरत गेली, मऊ, सलग, कुठंही न अडखळता. इतकी वर्षं ज्या काचेमागं ती फिरली, ती काच आत अशी होती! कोणी कधी न पाहिलेला एक प्रदेश, आणि तो ह्या हातांनी, न बघता घडवला होता.

"काय दिसतंय?" आजोबांनी विचारलं.

भिंगरीनं त्यांचा तळहात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि डोळा आरशावरून न काढता त्यावर बोटानं काढायला लागली. आधी गोल. मग मधला उंचवटा, अगदी अलगद. मग उतरत जाणारी सावली, एकसारखी, काठापर्यंत. काठाशी तिचं बोट थांबलं. तिथं एका बाजूला केसाएवढी लख्ख रेघ होती. ती सांगितली नसती तर कोणाला कळलं नसतं. तिनं आजोबांच्या तळव्यावर कडेनं एक बारीक रेघ ओढली.

"काठ," आजोबा म्हणाले. "काठ खाली वळलाय."

"हो."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही."

"लाट? खाच? मध्ये खड्डा?"

"नाही, आजोबा. सगळं वाळूसारखं आहे. वाऱ्यानं केल्यासारखं."

आजोबा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचे सोडून ते म्हणाले, "अगं, एवढंच? काठ सगळ्यांचाच वळतो! काळ्या कागदाचं एक कडं लावलं की झालं. तेवढा काठ झाकायचा. बाकी सगळा आरसा खरा आहे. खरा आहे, ऐकलंस का रे?"

"ऐकलं, सर," चष्मेदादा म्हणाला. तो आता चष्मा पुसत होता.

"ऐकलं, बाबा," मामा म्हणाला. "आता मी शिंकू का?"

८

पुढं सगळी घाई झाली. दिवा लागला. आईनं आरसा पातळ कागदात आणि मऊ कपड्यात गुंडाळला, खड्ड्यात बसवला, चारही खिट्ट्या लावल्या. घारमावशींनी जुनी पट्टी कापून नवी चिकटवली आणि पेटी स्वतः उचलून पट्ट्यावर नेली. खालची काच चष्मेदादाबरोबर गाडीतून घरी जाणार होती.

"थांबा, इतक्यात नेऊ नका," भिंगरी म्हणाली. तिनं घारमावशींकडे काळा जाड कागद मागितला. त्यांनी एका फायलीचं रिकामं काळं कव्हर तिला देऊन टाकलं. ते तिनं टेबलावर पसरलं, त्यावर खालची काच सपाट पाठ खाली करून ठेवली, कारण दोन्ही काचांचा घेर एकच, आणि पेन्सिलीनं भोवती गोल काढला. काच उचलल्यावर त्याच्या आत, नखाच्या रुंदीएवढं अंतर सोडून, दुसरा गोल. तो काढायला तिला वेळ लागला. मामा दारातून ओरडत होता, तरी तिनं घाई केली नाही.

विमान ढगांच्या वर गेलं तेव्हा खिडकीतून पांढरी रानं दिसायला लागली. आई म्हणाली, "भिंगरी, बघ तरी." आजोबा शेजारच्या जागेवर डोळे मिटून बसले होते, तळहात अजून उघडाच होता.

भिंगरीनं मान वर केली नाही. कात्री विमानात आणता येत नाही. तिनं काळा कागद मांडीवर घेतला, पेन्सिलीच्या रेघेवर नख टेकवून घडी दाबली आणि तिळातिळानं, एक चिमूट, मग जरा फिरवून पुढची चिमूट, असं कडं फाडायला सुरुवात केली.